पहिली खेप

“मुलं किती?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दोन,” चौकशीबाई म्हणाल्या.

“मोठं मूल झालं तेव्हा वय काय होतं?”

“चोवीस.”

“अंगावर पाजलं होतं?”

“दोघांनाही. धाकट्याला तर इतकं, की शेवटी शेजारच्या बायका हसायला लागल्या. चालत यायचा, पदर ओढायचा आणि मागायचा!”

डॉक्टरीणबाई हसल्या. वयाने लहानच होत्या, चौकशीबाईंच्या लेकीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील फार तर. लेक शेजारच्याच खुर्चीवर बसली होती, आईचे सगळे रिपोर्ट मांडीवर घेऊन. घरात तिला थोरली म्हणत. तिच्या पाठचा भाऊ दूर गावी नोकरीला होता. त्यामुळे आईला दवाखान्यात आणणं, डॉक्टरांशी बोलणं, बाबांना धीर देणं ही सगळी कामं थोरलीने आपणहून अंगावर घेतली होती. लहानपणापासून तिला याची सवयच होती. थोरली म्हटल्यावर करणार काय बिचारी!

चौकशीबाईंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली होती. सुई घालून तपासून झालं होतं, आणि गाठ वाईट आहे हे कळूनही आता आठवडा होऊन गेला होता. घरातलं पहिलं रडणं उरकलं होतं. गाठ लहान आहे, वेळेवर सापडली, सोमवारी ऑपरेशन करून टाकू, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑपरेशनच्या आधी सगळी माहिती नीट विचारून घ्यायचं काम या धाकट्या डॉक्टरीणबाईंकडे होतं.

आता चौकशीबाईंबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शहराच्या बस स्टँडवर चौकशीची जी खिडकी असते, तिच्या आत त्या पंचवीस वर्षं बसत होत्या. म्हणून नाव चौकशीबाई. खरं तर चौकशी लोक करायचे आणि बाई उत्तरं द्यायच्या, पण नावं अशीच पडतात. अमुक गाडी कुठल्या फलाटावर लागते, तमुक गाडी गेली का, मुतारी कुठे आहे, पाचची गाडी किती वाजता सुटते... हो, हाही प्रश्न रोज यायचा. बाई न हसता म्हणायच्या, “पाचला.” आणि लोक “थँक्यू” म्हणून जायचे!

या कामात त्यांनी स्वतःला एक वळण लावून घेतलं होतं. विचारलं तेवढंच सांगायचं. त्यालाही कारण होतं. नव्या होत्या तेव्हा एकाने विचारलं, गाडी कुठल्या फलाटावर? यांनी फलाट सांगितला आणि वर मायेने म्हणाल्या, अजून वेळ आहे हो, चहा घ्या. तो चहाला गेला आणि गाडी त्या दिवशी मेली वेळेवर आली. परत येऊन खिडकीशी त्याने जे तोंड सोडलं, ते बाईंना जन्माचं पुरलं. तेव्हापासून फलाट विचारला की फलाट, वेळ विचारली की वेळ. आणि आणखी एक, ‘माहीत नाही’ हे शब्द बाईंनी त्या खिडकीत कधी उच्चारले नव्हते. माहीत नसलं तर फोन करतील, आत जाऊन विचारून येतील, पण उत्तर देतील.

तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं मुलं किती, आणि यांनी सांगितलं दोन. यात खोटं काय आहे?

पण ती पोरगी हुशार होती. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “काकू, मी जरा वेगळं विचारते हं. तुम्हाला दिवस किती वेळा गेले होते?”

चौकशीबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं. मग म्हणाल्या, “तीन वेळा.”

थोरलीने मान वळवून आईकडे पाहिलं.

“तिसरं... म्हणजे मध्ये कधी गर्भ पडला होता का?”

“मध्ये नाही. पहिल्यांदा. आणि पडला नव्हता. दिवस भरले होते पुरते.” बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. “विसावं चालू होतं मला. शेवटी शेवटी पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं आणि मग झटके आले. मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले ती दोन-तीन दिवसांनी. तोवर सगळं आवरलं होतं.”

“मूल दगावलं?”

“पोटातच गेलं होतं म्हणे.”

“आई,” थोरली म्हणाली, “तू हे कधी...”

“कोणी विचारलं नाही,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी समोरचा कागद बाजूला सारला. मग हळूच, लिहायला हवं म्हणून नव्हे, आपलं माणूस माणसाला विचारतं तसं त्यांनी विचारलं, “मुलगा होता की मुलगी?”

चौकशीबाईंनी तोंड उघडलं. उत्तर द्यायची पंचवीस वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं. पण आत उत्तरच नव्हतं.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

हे शब्द बोलल्यावर त्यांचं त्यांनाच इतकं चमत्कारिक वाटलं, की त्या खुर्चीत सरसावून बसल्या.

“डॉक्टर, आता मी एक विचारू?”

“विचारा ना.”

“ते मूल गेलं, पण दूध आलं होतं मला. भरपूर आलं. अंगावरचे कपडे भिजायचे. सासूबाईंनी छातीला फडकं आवळून बांधलं होतं, आटेपर्यंत. प्राण जायची वेळ आली होती दुखून. तर ते दूध... कुणी प्यायलंच नाही ना ते. ते आतच राहून त्याची ही गाठ झाली का?”

गाठ सापडल्या दिवसापासून हा प्रश्न बाईंच्या मनात घर करून होता. रात्री कूस बदलली तरी तोच. त्यांनी तो नवऱ्यालाही सांगितला नव्हता आणि लेकीलाही नाही.

“नाही काकू,” डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणाल्या. “अजिबात नाही. दूध शरीरातच जिरून जातं. त्याची अशी गाठ होत नाही. हे डोक्यातून आजच काढून टाका.”

“नक्की?”

“नक्की. उलट सांगू का? तुमचं ते पहिलं बाळंतपण म्हणूनच मी इतकं खोदून विचारते आहे. लहान वयात, पूर्ण दिवसांचं पहिलं बाळंतपण झालं असेल, तर पुढच्या आयुष्यात हा आजार व्हायची शक्यता थोडी कमी होते. ठिकठिकाणच्या पुष्कळ बायकांची माहिती तपासून हे दिसलं आहे.”

“कमी होते? ती का बरं?” बाई पुढे झुकल्या.

“पुरतं कोणालाच उमगलेलं नाही. एक अंदाज असा, की दिवस गेले की स्तनातल्या पेशी दूध करायच्या कामाला लागतात आणि पक्क्या होतात. कोवळी पेशी बिघडायला सोपी, पक्की झालेली त्या मानाने अवघड. बाळंतपणानंतरची काही वर्षं शक्यता उलट जराशी वाढते, आणि मग हळूहळू उतरत जाते. अंगावर पाजलं तर त्याचाही थोडा फायदा होतो.”

“आणि गर्भ पडला तर? आमच्याकडे एक कंडक्टरीण आहे, तिचे दोनदा पडले. ती घाबरून असते.”

“त्याने हा आजार वाढत नाही. सांगा तिला.”

“सांगते. पण मला एक कळलं नाही डॉक्टर. माझं मूल तर जगलंच नाही. मग ते धरायचं कसं?”

“मूल जगलं की नाही, याचा यात संबंध नाही काकू. शरीराने आपलं काम पुरं केलेलं असतं. शरीराच्या लेखी ते बाळंतपण झालं. त्यामुळे धरायचंच. तेच तुमचं पहिलं.”

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. छत्तीस वर्षांत हे त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी नाही, आईने नाही, नवऱ्याने नाही. आणि ही कोण कुठली पोरगी, गळ्यात ते नळकांडं अडकवून, सरळ म्हणते, तेच तुमचं पहिलं! बाईंना एकदम भरून आलं. पण रडण्यापेक्षा त्यांना विचारायचंच जास्त होतं.

“म्हणजे ते जाताना मला काहीतरी देऊन गेलं म्हणायचं.”

“तसं म्हणा हवं तर.”

“मग तरीही मला झालंच की हे! का झालं?”

“तेच तर सांगता येत नाही. हा हिशेब हजारो बायकांचा मिळून असतो. त्यातल्या एकीला होईल की नाही, हे त्यावरून ठरत नाही.”

“कळलं,” बाई म्हणाल्या. “आमच्या फळ्यावर गाडी सुटायची वेळ लिहिलेली असते. गाडी सुटेलच असं नाही.”

“अगदी तसंच!” डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं.

थोरलीने मध्येच विचारलं, “डॉक्टर, मला अजून मूल नाही. मग मला...?”

“त्या एवढ्याशा फरकाने घाबरून जायचं कारण नाही. आईला झालं आहे म्हणून तुम्ही वेळच्या वेळी तपासणी मात्र करत राहा. आणि काकू, या माहितीने तुमच्या उपचारात काही बदल होत नाही बरं का. सोमवारी सकाळी उपाशीपोटी या.”

बाहेर आल्यावर दोघी मायलेकी रिक्षाची वाट बघत दवाखान्याच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. थोरली हातातले रिपोर्ट पुन्हा पुन्हा सारखे करत होती. मग म्हणाली, “म्हणजे मी थोरली नाहीच!”

“आहेस की.”

“कसली आहे? मधली आहे मी. उगाच आयुष्यभर मोठेपणा करत बसले. गच्चीवरून पडला धाकटा, त्याच्यासाठी मार मी खाल्ला. का, तर थोरली! आणि खरी थोरली किंवा थोरला दुसराच कोणी.” ती चिडून हसत होती आणि डोळेही पुसत होती. “आई, पण तुला खरंच माहीत नाही? मुलगा की मुलगी, एवढंही?”

“नाही गं. मला शुद्ध होती कुठे!”

“विचारायचं तरी.”

“तुझ्या आजीने बजावून ठेवलं होतं, त्याचं नाव काढायचं नाही, गेलेल्याला धरून बसलं की पुढचं पोटात ठरत नाही. मी होते विशीतली. घाबरले. मग तुझ्या वेळेला दिवस गेले तेव्हा तर जास्तच घाबरले. तू झालीस, धाकटा झाला, संसार वाढला, नोकरी लागली. मग विचारायचं तरी कोणत्या तोंडाने? दहा वर्षांनी मध्येच जेवताना विचारू, की अहो, ते मूल काय होतं?”

“पण बाबांना माहीत असेल ना?”

“त्यांनीच नेलं होतं. ते आणि त्यांचे मामा. मामा तर केव्हाच गेले. आता तेवढे तेच.”

रिक्षा आली. आत बसता बसता बाई म्हणाल्या, “सोमवारच्या आत मला विचारायला हवं त्यांना.”

“सोमवारच्या आत म्हणजे? काही होणार नाही आहे तुला सोमवारी.”

“तेही खरं. पण भूल देणार आहेत. मागच्या खेपेला शुद्ध हरपली तेव्हा उठून बघते तर एक गोष्ट कायमची गेली होती. या खेपेला जाताना हे एवढं माझ्याजवळ असू दे.”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बाईंची रजा सोमवारपासून, म्हणून त्या नेहमीसारख्या खिडकीत जाऊन बसल्या. घरी बसून काय करायचं! स्टँडवर सगळ्यांना कळलं होतं. कंट्रोलरसाहेब येऊन “काही लागलं तर सांगा” म्हणून गेले. कंडक्टरीण आली, तिला बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, की तुझ्या त्या दोन खेपांचा या आजाराशी काही संबंध नाही, डॉक्टरांनी स्वतः सांगितलं आहे. ती बिचारी आली होती बाईंना धीर द्यायला आणि स्वतःच ओक्साबोक्शी रडून गेली. माइकवर गाड्या पुकारणारा माणूस बाईंच्या शेजारीच बसायचा. तो जात्याच चेष्टेखोर. म्हणाला, “बाई, तुम्ही नसताना इथे मी बसणार आहे. पाचची गाडी मी साडेचारलाच सोडून देईन बघा.”

अकराच्या सुमाराला एक पोर खिडकीशी आली. पोट चांगलं पुढे आलेलं, बरोबर एक मोठी पिशवी. तिने आपल्या गावची गाडी कुठे लागते ते विचारलं.

“तीन नंबर,” बाई म्हणाल्या.

ती वळली. बाईंनी तिला दोन पावलं जाऊ दिलं आणि मग खिडकीच्या जाळीला तोंड लावून हाक मारली. “अगं ए, इकडे ये! मागच्या सीटवर बसू नकोस, आदळतं फार. चाकावरही नको. मधोमध बस. कंडक्टरला सांग, चौकशीबाईंनी सांगितलं आहे म्हणावं. पहिलीच खेप का?”

“हो, पहिलीच.”

“पाय सुजतात?”

“थोडे थोडे.”

“थोडे थोडे म्हणून बसू नकोस. गेल्या गेल्या दवाखान्यात जाऊन रक्तदाब बघून घे. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे आले, तर थांबायचं नाही. कळलं?”

पोर घाबरून हो हो म्हणत गेली. माइकवाल्याने माइक बंद केला आणि तो बाईंकडे बघतच राहिला. “बाई, तब्येत बरी आहे ना? न विचारता बोललात!”

“बोलले खरी,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा तापला होता. “तू आत्ताच बस इथे. मी जाऊन येते.”

“कुठे?”

“चौकशीला.”

नवऱ्याचं किराणा दुकान स्टँडपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होतं. आधी ते त्यांच्या मामांचं होतं. मामांच्या हाताखाली पुड्या बांधत बांधत ते तिथेच म्हातारे झाले होते. माणूस मितभाषी. गिऱ्हाइकाशी बोलतील तेवढंच, घरी त्याहून कमी. गाठ निघाल्यापासून तर तेही बंद झालं होतं. नुसते रात्री उठून बाईंच्या अंगावरचं पांघरूण नीट करायचे आणि परत पडायचे. झोपेचं सोंग घेऊन बाई ते बघायच्या.

दुपारी दुकानात कोणी नसायचं. ते एकटेच तांदळाचं पोतं उघडून दोन-दोन किलोच्या पिशव्या भरत बसले होते. बायको अवेळी दारात दिसली तसे ते घाबरून उभे राहिले.

“काय गं? काय झालं? दवाखान्यातून फोन आला?”

“नाही हो. बसा. मला एक विचारायचंय.”

ते बसले नाहीत. बाईही उभ्याच राहिल्या. वाटेत त्यांनी पुष्कळ जुळवाजुळव केली होती, की आधी डॉक्टरीणबाईंचं सांगायचं, मग हळूहळू विषयाकडे यायचं. पण खिडकीतून जसे लोक धाडकन विचारतात, तसंच त्यांच्या तोंडून निघालं.

“आपलं पहिलं मूल, ते मुलगा होतं की मुलगी?”

त्यांच्या हातात तांदळाने भरलेलं माप होतं. ते त्यांनी सावकाश पोत्यात ठेवलं. दुकानाच्या पाटीकडे, रस्त्याकडे, कुठे कुठे बघितलं. बाईंना वाटलं, आठवत असतील. एवढ्या वर्षांचं, लागणारच वेळ.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

“माहीत नाही म्हणजे?”

“मी बघितलं नाही.”

बाईंना आधी समजेचना. आणि समजलं तेव्हा त्यांचा असा काही संताप झाला, की त्या ओरडल्याच.

“बघितलं नाही? अहो, तुम्ही नेलंत ना त्याला? तुमच्या हातात दिलं ना? मी इतकी वर्षं... मला वाटायचं, असू दे, मला नाही तर नाही, यांना तरी माहीत आहे! कुणाला तरी माहीत आहे! आणि तुम्ही बघितलं नाही?”

“नर्सने आणून दिलं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं होतं. ती म्हणाली, बघायचंय का. मी नको म्हटलं.” त्यांनी पोत्याची कड दुमडली, परत उलगडली. “तू आत पडली होतीस. डॉक्टर सांगून गेले होते, एक तर गेलंच आहे, हिचंही काही सांगता येत नाही. मला वाटलं, आता याचं तोंड बघितलं तर माझा पाय तिथून उचलायचा नाही. मामा म्हणाले चल. मी गेलो.”

“आणि मामांनी?”

“त्यांनीही नाही. माझ्या हातात होतं ना.”

“मग सासूबाईंना? त्यांना तरी माहीत असेल...”

“तिला वाटायचं मला माहीत आहे. सगळ्यांना वाटायचं मला माहीत आहे.” ते आता खाली पोत्याच्या कडेवर बसले. “तू कधी ना कधी विचारशील म्हणून मी घाबरून असायचो. मी ठरवूनही ठेवलं होतं. विचारलंस तर सांगायचं, मुलगी होती.”

“मुलगी का?”

“तुला मुलगी हवी होती ना तेव्हा. टोपडं शिवलं होतंस, झालर लावून.”

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. आता नुसतं रडू येत होतं, आणि ते त्यांनी येऊ दिलं.

“मग आत्ता का नाही तसं सांगितलंत? मी काय तपासायला जाणार होते?”

“परवा तुला आत नेणार आहेत. खोटं सांगून कसा पाठवू?”

बाहेरून एक टेम्पो गेला. बाईंनी पदराने तोंड पुसलं. राहून राहून त्यांना वाटत होतं, की एवढ्यासाठी आले आणि रिकाम्या हाताने परत जायचं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तेच तुमचं पहिलं. पहिलं म्हणजे काय मग? त्याचं तोंड नाही, नाव नाही, मुलगा नाही, मुलगी नाही. एखादी तरी गोष्ट असेल की नाही त्याची?

“मग तुम्हाला माहीत आहे तरी काय त्याचं?” त्यांनी विचारलं. या वेळी रागाने नव्हे. खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून.

त्यांनी मान वर केली. बराच विचार केला.

“वजन,” ते म्हणाले.

“काय?”

“वजन माहीत आहे. दवाखान्याच्या फाटकापासून पार शेवटपर्यंत मीच नेलं. मामा म्हणत होते, दे माझ्याकडे, दमलास. मी दिलं नाही. हातातच होतं.”

“किती होतं?”

“आकडा नाही सांगता येणार.” ते उठले. भिंतीवरच्या खिळ्याला कापडी पिशव्यांचा गठ्ठा लटकत होता, त्यातली एक त्यांनी काढून झटकली. पोत्यातून तांदूळ घेऊन ते पिशवीत ओतू लागले. काटा बाजूलाच होता, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पिशवी हातावर आडवी घेतली आणि डोळे मिटले. नाही, म्हणून मान हलवली. आणखी तांदूळ घातले. पुन्हा हातावर घेतली. मग थोडे काढले. मूठभर परत घातले. बाई बघत होत्या. जन्मभर त्यांनी नवऱ्याला वजन करताना पाहिलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. शेवटी त्यांनी आणखी एक चिमूट घातली, पिशवीचं तोंड दुमडलं, आणि ती हातावर घेऊन स्वस्थ उभे राहिले.

“इतकं,” ते म्हणाले.

बाईंनी हात पुढे केले. त्यांनी पिशवी जपून त्या हातांत दिली.

चांगलीच जड होती. इतकी जड असेल असं बाईंना वाटलं नव्हतं. दिवस भरलेलं, पुरतं वाढलेलं मूल होतं ते.

“डोकं कुठल्या हाताला होतं?”

“डाव्या.”

बाईंनी पिशवी फिरवून डाव्या हातावर घेतली. गाठ त्याच बाजूला होती, तिथे थोडं दुखलं, पण त्यांनी घेतली तशीच राहू दिली. तांदूळ सरकले आणि कोपराच्या खोबणीत बसले. नवऱ्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्यांना बसायला दिलं.

तेवढ्यात एक बाई घाईघाईने दुकानात शिरली. “भाऊ, तांदूळ द्या हो पटकन, दोन किलो. हे बांधलेलेच द्या की, यांच्या हातातले.”

“ते नाहीत द्यायचे,” दुकानदार म्हणाले. “तुम्हाला दुसरे देतो.”

त्यांनी डोळे पुसून पोत्यातून माप भरलं आणि काट्यावर तांदूळ तोलायला घेतले. गिऱ्हाईक आपलं बोलत होतं, तांदूळ जुना आहे ना, चिकट तर होणार नाही ना, मागच्या वेळचा चांगला होता. ते उत्तरं देत होते. चौकशीबाई स्टुलावर बसून होत्या. हाताला रग लागली, तरी त्यांनी हात बदलला नाही.